एकशेसाठ एकरांची साक्ष

लिंकन शहराहून दक्षिणेस जाणारा हमरस्ता सुमारे चाळीस मैलांवर बीॲट्रिस या गावी पोहोचतो. दान्तेच्या नायिकेचेही नाव हेच. परंतु येथे ते उच्चारताना मधल्या ‘ॲ’वर असा काही हिसका द्यावा लागतो की, तो न देणारा मनुष्य परमुलखातला आहे हे उपाहारगृहात कॉफी आणून देणारी पोरगीसुद्धा तत्काळ ओळखते. मला तिने ओळखले. माझी पुतणी ओमाहास नोकरीला असल्यामुळे गेल्या भाद्रपदात माझे तिकडे जाणे घडले, आणि तिने मला दाखविण्यासाठी काढलेल्या स्थळांच्या यादीतून प्राणिसंग्रहालय, नाट्यगृहे आणि दुकाने वजा करून नेब्रास्का राज्यातील ही शेतकऱ्यांची दोन गावे तेवढी मी कायम ठेवली, तेव्हा ‘काका, इंदापूर सोडून तुम्ही इतक्या लांब आलात ते पुन्हा शेतंच बघायला?’ असे ती म्हणाली. तिचे म्हणणे रास्त होते, आणि मला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर असे होते. आमच्या गावच्या घरी माळ्यावर आजोबांच्या कुळकर्णाचे एक दप्तर पडून आहे. तांबड्या रुमालात बांधलेले, कडेकडेने वाळवी लागलेले. त्यात जमिनींचे सर्व काही आहे: सारा आहे, तहकुबी आहे, वाटण्या आहेत, बांधावरून झालेल्या तंट्यांचे महजर आहेत, पण त्या जमिनी ज्यांनी कसल्या ती माणसे कोणत्या घरात निजत होती, त्या घराला खिडकी होती की नाही, परड्यात झाड कोणते होते, याबद्दल त्या सबंध गाठोड्यात एक ओळ सापडत नाही. आणि अमेरिकेच्या या मध्यभागात सरकारने शेतकऱ्याला जमीन देण्यापूर्वी त्याच्या घराची दारे-खिडक्या सुद्धा साक्षीदारांकडून मोजवून घेतल्या, असे माझ्या वाचनात आले होते. ते कागद पाहावेत, आणि ज्या घरांबद्दल ते आहेत त्या घरांच्या वंशजांशी जमल्यास चार शब्द बोलावेत, एवढ्यासाठी हा खटाटोप होता.

या मुलखाची पहिली ओळख रस्त्यांवरून होते. रस्ता सरळ, त्याला काटकोनात छेदणारे रस्तेही सरळ, आणि असा छेद बहुतेक दर मैलाला. याचे मूळ १७८५ च्या भूमापन कायद्यात आहे. त्या कायद्याने सरकारी जमिनीचे सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडले, त्यांस ‘टाऊनशिप’ म्हटले. प्रत्येक टाऊनशिपचे छत्तीस ‘सेक्शन’ केले, एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, अर्थात ६४० एकर. आणि त्या सेक्शनचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर हे एका कुटुंबाच्या जमिनीचे माप ठरले. सोळाव्या सेक्शनचे उत्पन्न शाळेसाठी राखून ठेवलेले असे. मोजणी गंटरच्या साखळीने होई. साखळी ६६ फुटांची, आणि अशा ८० साखळ्यांचा मैल. आपला गुंठा प्रत्येक बाजूस ३३ फूट असतो, म्हणजे या साखळीच्या बरोबर निम्मा, हे लक्षात आले तेव्हा त्या अनोळखी प्रदेशात एखादा दूरचा भाऊबंद भेटावा तसे मला झाले. आपला गुंठा आणि येथला सेक्शन, इंग्रजी साखळीची ही दोन्ही लेकरे. पण त्यांच्या नशिबात मोठा फरक आहे. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी आमच्याच इंदापूर तालुक्यातून मुंबई इलाख्याच्या नव्या जमाबंदीचा आरंभ केला तेव्हा शेते कैक पिढ्यांची होती आणि साखळीला त्यांच्या वाकड्यातिकड्या बांधांमागून निमूटपणे फिरावे लागले. नेब्रास्कात साखळी आधी फिरली आणि शेतकरी तिच्या खुणांचे दगड शोधत मागाहून आला. ओढा, टेकडी, पाणथळ जागा यांची पर्वा न करता कागदावरची रेघ सरळ पुढे गेली. आजही त्या रेघेवरून आपण मोटारीने जातो.

बीॲट्रिसच्या पश्चिमेस चार मैलांवर, शेतकऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या होमस्टेड कायद्याचे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. १९३६ साली ते स्थापन झाले, आणि २००७ साली बांधलेल्या तेथील नव्या वास्तूचे छत माती फोडीत निघालेल्या नांगराच्या आकाराचे केले आहे. मोटारी उभ्या करण्याची मोकळी जागा बरोबर एक एकर राखली आहे, कारण शहरात वाढलेल्या अमेरिकन माणसास एकर म्हणजे केवढे हे आता उघड्या डोळ्यांनी दाखवावे लागते. आत शिरताना लोखंडी पत्र्यांत कापलेले एकेका राज्याचे आकार ओळीने उभे आहेत आणि त्या राज्याचा किती हिस्सा या कायद्याखाली वाटला गेला तेवढा भाग त्यातून कोरून काढला आहे. नेब्रास्काच्या पत्र्याला पडलेले भोक सर्वांत मोठ्यांपैकी आहे. त्या राज्याची सुमारे ४५ टक्के भूमी अशी वाटली गेली.

२० मे १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अध्यक्ष लिंकनने या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या, किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणाही नागरिकाने, अथवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशस्थाने, अर्ज करावा. संयुक्त संस्थानांविरुद्ध त्याने शस्त्र धरलेले नसावे. १६० एकरांवर पाच वर्षे राहावे, घर बांधावे, जमीन लागवडीस आणावी. आणि मग शेजारच्या दोन साक्षीदारांनिशी कचेरीत येऊन हे सर्व शपथेवर शाबीत करावे. सारी फी मिळून १८ डॉलर. अविवाहित स्त्री आणि विधवा यांनाही हा हक्क होता, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हे. १९७६ साली मुख्य भूमीवर, आणि त्यानंतर दहा वर्षांनी अलास्कात, हा कायदा बंद झाला, तोवर १६ लाखांच्या आसपास अर्ज मंजूर होऊन सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या एकूण जमिनीचा दहावा हिस्सा, खाजगी मालकीचा झाला होता.

यांतला अर्ज क्रमांक एक डॅनिएल फ्रीमन नावाच्या गृहस्थाचा. कायदा १ जानेवारी १८६३ पासून अमलात यायचा होता. फ्रीमन तेव्हा उत्तरेच्या सैन्यात होता, आणि सांगतात की, मिसुरी नदीवरच्या ब्राऊनव्हिल गावी वर्षअखेरच्या रात्रीच्या मेजवानीत त्याने जमीन कचेरीच्या कारकुनाला गाठून, मला पलटणीवर परत जायचे आहे, सकाळपर्यंत थांबता येत नाही, अशी गळ घातली आणि बाराचा टोला पडल्यावर थोड्याच वेळात कचेरी उघडवून आपले नाव पहिल्या क्रमांकाला लावून घेतले. गोष्ट रंगवलेली असेल. पण मध्यरात्री दफ्तर उघडणाऱ्या कारकुनाची कल्पना मला कारकुनांच्या घराण्यातला मनुष्य म्हणून फार सुखावून गेली.

फ्रीमनची जमीन मात्र एकसंध चौकोन नाही. कायदा चाळीस-चाळीस एकरांचे चार तुकडे जोडून घेऊ देत असे, आणि या धूर्त माणसाने तीन तुकडे एका ओळीत व चौथा मधल्याच्या डोक्यावर असे उलट्या इंग्रजी टी अक्षरासारखे घेतले, ते कब क्रीक नावाचा ओढा आणि त्याच्या काठची झाडी आपल्या हद्दीत यावी म्हणून. ज्या मुलखात मैलोगणती झाड नाही तेथे ओढ्याकाठची लाकडे ज्याच्या हाती, त्याचा निम्मा संसार उभा राहिला. मी त्या ओढ्याच्या काठाने चालत गेलो. पाणी घोट्याइतके आणि गढूळ होते.

ज्या कागदासाठी मी आलो होतो तो काचेमागे नक्कल स्वरूपात आहे. फ्रीमनच्या दोन शेजाऱ्यांनी घेतलेली ही शपथ. आम्ही या इसमास पाच वर्षांहून अधिक काळ ओळखतो; तो पत्नी व दोन मुले अशा कुटुंबाचा प्रमुख आहे; त्याने या जमिनीवर १४ फूट बाय २० फुटांचे, काही ओंडक्यांचे व काही फळ्यांचे, एकमजली घर बांधले असून त्यास दोन दारे, दोन खिडक्या, लाकडी कौलांचे छप्पर आणि फळ्यांची जमीन आहे, आणि ते राहण्यास सोयीचे घर आहे; सुमारे ३५ एकर नांगरून, कुंपण घालून लागवडीस आणले आहेत; तबेला, १०० फूट लांबीचा मेंढवाडा आणि मक्याची कणगी आहे; आणि सफरचंदाची ४० व पीचची सुमारे ४०० झाडे लावली आहेत. सरकारी मजकुराच्या त्या कोरड्या रांगेत ‘राहण्यास सोयीचे’ हे शब्द मला फार वेळ थांबवून गेले. आमच्या दप्तरात आजोबांनी कोणाच्याही घराला असे म्हटलेले नाही. म्हणण्यास त्यांना कोणी सांगितलेही नव्हते.

साक्षीचा कागद वाचण्याची सवय असलेल्या माणसाच्या नजरेतून दुसरी एक गोष्टही सुटत नाही. फ्रीमन १ जानेवारी १८६३ पासून त्या घरात राहत आहे, असे साक्षीदार म्हणतात. आणि त्याच तारखेच्या आरंभी तर हा गृहस्थ पन्नासाहून अधिक मैलांवर ब्राऊनव्हिलच्या कचेरीत उभा होता, नि तेथून पलटणीवर जाण्याच्या घाईत होता! आपल्याकडील पंचनाम्यांत पंच जसे ‘समक्ष हजर राहून’ सर्व काही पाहतात, त्यातलाच हा प्रकार. शेजाऱ्याची साक्ष शेजाऱ्याने द्यावी, आणि पुढच्या महिन्यात त्याची याने, असा हा परस्पर व्यवहार असल्यामुळे कोणी फार खोलात जात नसे.

पुरावा मागितला की पुरावा तयार होतो, हे अमेरिकेलाही चुकले नाही. तेथील लोक हसत हसत सांगतात की, कित्येकांनी ‘बारा बाय चौदा’चे घर शपथेवर शाबीत केले ते फुटांचे नसून इंचांचे होते, काहींनी चाकांवरची झोपडी एका शेतातून दुसऱ्या शेतात भाड्याने फिरवली, आणि कोवळ्या पोरांनी बुटाच्या तळाशी ‘२१’ आकडा लिहिलेला कागद घालून ‘मी एकवीसच्या वर आहे’ अशी निःशंक शपथ वाहिली. कमाल जमीनधारणेचा कायदा महाराष्ट्रात आला तेव्हा आमच्या पंचक्रोशीत कोणाकोणाच्या नावे जमिनी चढल्या ते आठवून मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसलो. परंतु थट्टेचा भाग सोडला तर बहुसंख्य अर्जदार खरोखरच त्या जमिनीवर राहिले, आणि पाच वर्षे काढण्याआधीच सोडून गेलेल्यांची संख्याही थोडी नव्हती.

फ्रीमनच्या साक्षपत्रात ‘पत्नी’ हा एवढाच शब्द आहे, नाव नाही. तिचे नाव ॲग्नेस. ती मुळात डॅनिएलच्या धाकट्या भावाची वाग्दत्त वधू. तो युद्धकाळात वारला, आणि मग डॅनिएलने तिच्याशी पत्रव्यवहार सुरू करून पत्रानेच मागणी घातली व १८६५ साली ती दोघे विवाहबद्ध झाली. डॅनिएल १९०८ साली वारला. ॲग्नेस त्यानंतरही बरीच वर्षे होती, १९३१ पर्यंत. दोघांच्या समाध्या त्यांच्याच जमिनीवर आहेत. शेजारच्या गवताळ उतारावरून मी तेथवर गेलो तो दिवस पितृपंधरवड्यातला होता, आणि कागदावर नाव नसलेल्या त्या बाईचे नाव दगडावर वाचताना, आमच्या सातबारावर आजीचे नाव आजोबा गेल्यानंतर ‘वारस’ म्हणून प्रथम लागले होते, याचे स्मरण झाले.

समाध्यांच्या भोवतालचे गवत मुद्दाम राखलेले आहे. १९३९ पासून त्या जमिनीवर मूळची प्रेअरी पुन्हा रुजवण्याचे काम चालू असून सुमारे १०० एकरांत आज बिग ब्लूस्टेम नावाचे उंच गवत उभे आहे. सप्टेंबरअखेर त्याला तांबूस छटा येते आणि आत शिरलेला माणूस खांद्यापर्यंत बुडतो. या गवताच्या मुळ्या जमिनीत माणसाच्या उंचीपेक्षाही खोल जातात. आणि या गवतावर ज्यांचे जगणे होते त्यांच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा ओटो-मिसुरिया लोकांचा प्रदेश. ‘नेब्रास्का’ हे नावच त्यांच्या भाषेतले. अर्थ ‘सपाट पाणी’, आणि हे वर्णन प्लॅट नदीचे. १८५४ च्या तहाने त्यांनी हा मुलूख सोडला, बिग ब्लू नदीकाठी त्यांच्यासाठी एक पट्टा राखला गेला, आणि पुढे तोही विकला जाऊन १८८१ साली त्यांना दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमात, जावे लागले. म्हणजे फ्रीमनच्या पीचच्या झाडांना फळ धरू लागले तेव्हा जुने मालक त्याच जिल्ह्यात, काही तासांच्या घोडदौडीवर, राहत होते. ‘या जमिनीवर हक्क असलेला दुसरा कोणी इसम राहत नाही’ असेही त्या दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगितले आहे. कायद्याच्या अर्थाने ते खरे होते.

नवे शेतकरी या गवताचेच घर बांधीत. ओढ्याकाठची झाडी ज्यांच्या वाट्यास आली नाही त्यांनी, विशेषतः राज्याच्या मध्यभागातल्या कस्टर जिल्ह्यात, मुळ्यांनी घट्ट विणलेली माती नांगराने फूटभर रुंदीच्या पट्ट्यांत उकलली, कुदळीने हात-दीड हात लांबीचे तुकडे तोडले, आणि गवताची बाजू खाली करून ते विटांसारखे रचले. भिंत दोन-तीन फूट जाड. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. मात्र पाऊस बाहेर थांबला तरी आत दोन दिवस ठिबकत राही, आणि आढ्यातून माती, उंदीर व क्वचित साप ताटात पडू नये म्हणून वर मांजरपाटाचे छत ताणीत. देशावरच्या धाब्याच्या घरांत ज्यांचे बालपण गेले त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. सरपणाची गोष्ट तर अगदी घरची: लाकूड नसल्यामुळे रानरेड्यांचे, आणि ते संपल्यावर गायींचे, वाळलेले शेण जाळीत. पूर्वेकडच्या सुखवस्तू घरांतून आलेल्या बायका प्रथम ते चिमट्याने उचलत, मग फडक्याने, मग नुसत्या हाताने, आणि अखेरीस हात न धुताच कणकेला लागत, असे त्या लोकांत विनोदाने सांगतात. गोवरी थापणाऱ्या आमच्या आयाबायांना हा विनोद समजावून सांगावा लागला असता.

सॉलोमन बुचर नावाच्या छायाचित्रकाराने १८८६ पासून त्या जिल्ह्यात गाडीतून हिंडून या घरांची चित्रे घेतली. सारे कुटुंब मातीच्या घरासमोर ओळीने उभे राहते, आणि जे जे मिरवण्याजोगे असेल ते बाहेर आणले जाते: शिवणयंत्र, पिंजऱ्यातला पक्षी, कलिंगडे, जुंपलेली घोडी. एका चित्रात बाईने आपली बाजाची पेटी अंगणात ओढून आणवली आहे, आणि घर मात्र चित्रात येऊ दिलेले नाही. आपण मातीत राहतो हे माहेरच्या प्रदेशातल्या लोकांना कळू नये म्हणून. आपल्या आजी-आजोबांचे फोटो रंगवलेल्या पडद्यापुढे, कोणाच्या तरी खुर्चीवर बसवून काढलेले असत. हिने पडद्याऐवजी आख्खे आकाश घेतले, इतकाच फरक.

दुसऱ्या दिवशी आम्ही वायव्येस विल्बर गावी गेलो. हे चेक लोकांचे गाव. बोहेमियातून १८६० नंतर जी कुटुंबे आली त्यांची येथे इतकी दाट वस्ती झाली की दुकानांच्या पाट्यांवर आणि दफनभूमीतल्या दगडांवर अजून ती भाषा दिसते. पुतणीच्या कचेरीतील एका सहकारी बाईची आजी गावाबाहेर चार मैलांवर शेतावर राहते. पंच्याऐंशीच्या घरातली, ताठ कण्याची, कानाने थोडी कमी. तिने आम्हाला स्वयंपाकघरातच बसवले आणि समोर कोलाचे ठेवले. हे वाटोळे गोड पाव असतात. मध्ये बोटाने खळगा करून त्यात जर्दाळूचा किंवा सुक्या आलुबुखाराचा मुरंबा, अथवा दुधात शिजवलेली वाटलेली खसखस भरतात. मी खसखशीचा उचलला आणि अनारशाच्या पाठीवर आम्ही हीच खसखस लावतो असे सांगितले, तेव्हा ‘पाठीवर? आत नाही?’ असे तिने विचारले, आणि आमच्या काटकसरीचे तिला कौतुक वाटले की कीव, हे तिच्या चेहऱ्यावरून समजले नाही.

तिच्या पणजोबांचे पहिले घर ओढ्याच्या दरडीत खणलेले एक बीळच होते. पुढचा भाग ओंडक्यांचा, बाकी सारी टेकडी. तेथे दोन हिवाळे काढल्यावर वर लाकडी घर झाले. आजी ज्या घरात राहते ते तिसरे. अंगणातल्या पवनचक्कीच्या शेपटीवर ‘डेम्पस्टर, बीॲट्रिस’ ही अक्षरे अजून वाचता येतात. १८७८ साली सुरू झालेल्या त्या गावच्या कंपनीने या सगळ्या मैदानाला पाणी उपसून दिले. वीज आली ती आजी शाळेत असताना. तोवरची सोमवारची धुणी, चरबी आणि क्षार उकळून घरी केलेला साबण, थंडी पडल्यावर डुकरे मारून वर्षाची चरबी भरून ठेवण्याची गडबड, तळघरातल्या बटाट्यांच्या राशी, हे ती इतक्या बारकाव्याने सांगत होती की मला मधून मधून माझ्या आईचेच बोलणे ऐकू येई.

मळणीच्या वेळी दहा-बारा शेतांची माणसे एकत्र येत, यंत्र एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर फिरे, पैशाचा व्यवहार नसे. ज्याच्या शेतावर काम त्याच्या बायकोने सर्वांना जेवू घालायचे. म्हणजे आमचे सावड आणि इर्जिकच. कोणाच्या घरी तीन प्रकारचे गोड झाले आणि कोणाकडे दोनच, हे पुरुष विसरत, बायका चाळीस वर्षे लक्षात ठेवीत. मक्याची तोडणी मात्र ज्याची त्याने करायची. तिने फडताळातून वडिलांचा आकडा काढून दाखवला: चामड्याच्या पट्ट्याने तळहातावर बांधायचा, अंगठ्याच्या मुळाशी लोखंडाचे एक वाकडे नख. उभ्या ताटावर कणीस डाव्या हाताने धरायचे, नखाने पाला फाडायचा, मनगटाच्या एका झटक्यात कणीस मोडायचे, आणि शेजारून घोडी ओढीत असलेल्या गाडीच्या उंच फळीवर मागे न बघता फेकायचे. कणीस फळीवर आपटून गाडीत पडे. पहाटेच्या थंडीत तो ठक ठक आवाज मैलभरावरून ऐकू येई, आणि त्याच्या गतीवरून शेजाऱ्याचे काम कसे चालले आहे ते कळे. तिने आकडा माझ्या हातावर बांधला. चामडे कडक झालेले होते आणि आतून, तळहात लागून लागून, काळे गुळगुळीत झालेले होते.

लोणी आणि अंडी हा बायकांचा स्वतंत्र खजिना. शनिवारी अंड्यांची पेटी घेऊन गावात जायचे, दुकानदाराकडून तिच्या मोबदल्यात साखर, कॉफी, कापड घ्यायचे, आणि जे उरेल ते डब्यात. दुष्काळाच्या वर्षी शेतसाऱ्याची भरपाई याच डब्यातून झाली, असे तिने दोनदा सांगितले. पणजोबांच्या जमिनीच्या नस्तीत मात्र कोंबड्यांचे खुराडे आहे, कोंबड्या पाळणारीचा उल्लेख नाही. त्या नस्तीची नक्कल तिने आणवून ठेवली आहे. अशा नस्ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात शाबूत आहेत.

संकटांबद्दल ती थोडक्यात बोलली, जशी ती शेतकऱ्यांच्या घरांत बोलली जातात. १८७४ च्या उन्हाळ्यातली टोळधाड पणजीने पाहिली होती: सूर्य झाकला गेला, मका तासाभरात खलास, मग कांदे जमिनीतल्या खळग्यासकट, आणि अखेरीस घामाचे मीठ मुरलेले कुदळीचे दांडे. ज्या टोळाने हे केले ती जात पुढे समूळ नष्ट झाली. १९०२ नंतर जिवंत टोळ कोणाला सापडलेला नाही. आणि १२ जानेवारी १८८८ चे हिमवादळ. सकाळ इतकी उबदार होती की मुले गरम कपड्यांवाचून शाळेला गेली, दुपारी काही मिनिटांत पिठासारखे बर्फ आले, आणि सबंध मैदानावर सुमारे २३५ माणसे गेली, त्यांत शाळकरी मुले पुष्कळ. त्यानंतर हिवाळाभर घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवण्याची चाल तिच्या घरी तिच्या लग्नापर्यंत होती. ‘दोर कशाला म्हणून नवीन सून विचारायची,’ ती म्हणाली, ‘एकदाच.’

निघण्यापूर्वी तिने जिल्ह्याचे नकाशाबुक उलगडले. त्यात प्रत्येक सेक्शन, त्याचे चतुर्थांश, आणि त्या त्या चौकोनात मालकाचे नाव छापलेले असते. तिच्या लहानपणचे एक आणि चालू वर्षाचे एक, अशी दोन तिने शेजारी ठेवली. जुन्यात प्रत्येक चौकोनात वेगळे नाव. नव्यात एकच नाव पाच-सहा चौकोनांवरून पसरलेले. बोट ठेवून ती सांगत गेली: येथे घर होते, पाडले, येथे होते, जळाले, येथली मुले कॅलिफोर्नियात, येथे आता फक्त लायलॅकचे झुडूप आहे, त्यावरून दार कोठे होते ते कळते. खिडकीबाहेर मळणीयंत्र सोयाबीन काढीत होते, एका माणसाकडून. सोयाबीन आता आमच्या मराठवाड्यातही तेच राज्य करते, असे मी म्हणालो.

मग तिने मला विचारले, ‘तुमची जमीन किती?’

‘अडीच एकर.’

तिला ऐकू आले नाही असे वाटून पुतणीने मोठ्याने सांगितले. ‘अडीचशे,’ आजीने मान हलवली. पुतणीने पुन्हा सांगितले. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने शिसपेन्सिल घेतली, पणजोबांच्या १६० एकरांच्या चौकोनावर मधोमध एक उभी व एक आडवी रेघ मारली. चाळीस, ती म्हणाली. त्यातल्या एका कोपऱ्यात पुन्हा दोन रेघा. दहा. त्यातल्या एकात पुन्हा दोन. चार तुकड्यांतला शेवटचा चौकोन नखापेक्षा लहान होता, आणि हिशोब बरोबर अडीचाला येऊन थांबला. तिने पेन्सिलीचे टोक तोंडात ओलसर केले आणि माझ्या आजोबांचे नाव विचारले. मी एकेक अक्षर सांगत गेलो, आणि ती ते त्या चौकोनाबाहेर, ओढ्याच्या निळ्या रेघेवरून, लिहीत गेली, कारण आत मावत नव्हते.